उतरलेले वजन आणि चतुर्थीचा पाहुणचार

मागील अंकात आम्ही वजन कमी करण्याचा आहार संपल्यानंतरच्या टप्प्याविषयी, म्हणजे उतरलेले वजन टिकवून धरण्याच्या काळाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी कोकणातील आहेत आणि त्यांत एकच काळजी निरनिराळ्या शब्दांत व्यक्त झाली आहे: रोजचे घरचे जेवण सांभाळता येते, पण पाहुणे आले, आपण पाहुणे म्हणून गेलो किंवा सगळे मिळून बाहेर पडलो की काय करावे? गणपती तोंडावर आले असल्यामुळे या वेळची जागा त्या पत्रांनाच दिली आहे.

प्रश्न : माझे वय ४२ आहे. आहार आणि चालणे यांच्या जोरावर मी ७४ किलोंवरून ६३ किलोंवर आले. चतुर्थीला आम्ही सगळे मालवण तालुक्यातील सासरच्या घरी सात दिवस जमतो. घरात वीस-बावीस माणसे असतात, रोज गोडधोड असते, आणि "गो बाय, किती सुकलंस!" असे म्हणत आत्येसासूबाई पानात वाढतच राहतात. मे महिन्यात माहेरी लग्नाला गेले होते, तेव्हा दोन दिवसांत काटा दोन किलोंनी पुढे गेला. सगळे मुसळ केरात गेले असे वाटून मी पुढचे पंधरा दिवस काहीच पाळले नाही. या वेळी तसे होऊ नये म्हणून काय करावे? – एक भगिनी, कणकवली

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य लग्नाच्या दोन दिवसांचे नाही, त्यानंतरच्या पंधरा दिवसांचे आहे. एक किलो चरबी अंगावर चढण्यासाठी शरीराच्या गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. दोन किलोंसाठी हा आकडा पंधरा हजारांच्या वर जातो, आणि लग्नाच्या पंगतीत कितीही आग्रह झाला तरी दोन दिवसांत एवढे खाणे माणसाला शक्य नसते. मग काटा पुढे का गेला? भात, साखर, मैदा यांतून मिळालेल्या पिष्टमय अन्नाचा काही भाग शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. आहार पाळणाऱ्याचा हा साठा बराचसा रिता असतो, तो दोन जेवणांत भरतो. त्यात लोणची, पापड, मसालेदार रस्से यांतील मिठामुळे आणखी पाणी साचते. म्हणजे आपल्या काट्यावर दिसलेले दोन किलो बहुतांशी पाणी होते आणि घरचे साधे जेवण सुरू केले असते तर तीन-चार दिवसांत ते उतरले असते. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, सासरच्या घरी असेपर्यंत वजनच करू नये, आणि कणकवलीला परतल्यावर चौथ्या दिवशी सकाळी, काही खाण्यापूर्वी काट्यावर उभे राहावे.

वजन उतरलेल्या माणसाला जास्त भूक लागते आणि ही भूक मनाच्या कमकुवतपणाची खूण नाही, हेही येथे स्पष्टपणे सांगायला हवे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी १९९५ साली दाखवून दिले की, वजन दहा टक्क्यांनी कमी झाले की शरीराचा रोजचा ऊर्जाखर्च, लहान झालेल्या देहाच्या हिशेबाने जेवढा घटायला हवा, त्याहूनही अधिक घटतो. मेलबर्नमध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वजन उतरवलेल्या लोकांच्या रक्तातील भूक वाढवणारे ग्रेलिन आणि तृप्ती कळवणारे लेप्टिन यांसारखी संप्रेरके वर्षभरानंतरही पूर्वपदावर आलेली नव्हती. म्हणजे आपल्या शेजारी बसलेल्या जाऊबाईंना जेवढ्या अन्नाने समाधान मिळते तेवढ्याने आपल्याला मिळणार नाही, आणि तरीही आपली गरज त्यांच्याहून कमी असू शकते. हे आधीच माहीत असले म्हणजे पानावर बसल्यावर स्वतःवर रागावण्याची वेळ येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, ६३ हा एक आकडा धरून बसू नये. वजनाचा एक पट्टा ठरवावा. अमेरिकेत ३१४ जणांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, वजन उतरवलेल्या लोकांना हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे दिले होते. ठरलेल्या वजनाहून सुमारे १.४ किलोंपर्यंतची वाढ हिरव्या पट्ट्यात येत होती, तर २.३ किलो किंवा त्याहून अधिक वाढ झाली की लाल पट्टा सुरू होत होता आणि तेथे वजन कमी करण्याचा मूळ आहार पुन्हा हाती घ्यायचा होता. ज्यांना ही पद्धत आणि नियमित वजन करणे प्रत्यक्ष भेटींतून शिकवले, त्यांच्यापैकी सुमारे ४६ टक्के लोकांचे वजन अठरा महिन्यांत २.३ किलो किंवा त्याहून जास्त वाढले. ज्यांना फक्त माहितीपत्रके पाठवली होती त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ७२ टक्के होते. आपल्यापुरता हिशेब असा: ६४.४ किलोंपर्यंत निश्चिंत राहावे, त्यापुढे आठवडाभर बारीक लक्ष द्यावे आणि काटा ६५.३ च्या पलीकडे स्थिरावला तर मूळ आहाराकडे वळावे. मे महिन्यात आपण दोन किलोंच्या वाढीला कायमचा पराभव समजलात. हा पट्टा हाताशी असता तर तिसऱ्याच दिवशी आपण नेहमीच्या जेवणावर आला असता.

आता प्रत्यक्ष चतुर्थी. मोदक खावा, गरम खावा आणि त्यावर तूपही घ्यावे, असेच मी सांगेन, कारण वर्षातून एकदा घरच्या बायका पहाटेपासून उकड काढून जे करतात ते नाकारून कोणाचेही आरोग्य सुधारलेले नाही. फक्त त्यातल्या कॅलरी माहीत असाव्यात. मध्यम आकाराच्या एका उकडीच्या मोदकात साधारण १५ ग्रॅम तांदळाची पिठी, १५ ग्रॅम ओले खोबरे आणि १०-१२ ग्रॅम गूळ धरला तर तो दीडशे कॅलरींच्या आसपास जातो. वर चहाचा एक चमचा तूप घातले की त्यात ४५ कॅलरींची भर पडते. तुपासह दोन मोदक म्हणजे चारशे कॅलरी झाल्या. त्या दिवशी भात अर्ध्या मुदीवर थांबवला, पुरी घेतली नाही आणि वरण, भाजी, काळ्या वाटाण्याचे सांबारे पोटभर घेतले तर जेवण जेवणाच्या मापातच राहते. पाच मोदक घेतले तर मात्र ते एकटेच हजाराच्या घरात जातात.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीला कोकणातल्या घराघरांत जी भाजी शिजते तिच्याविषयी मला मनापासून लिहायचे आहे. बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही या रीतीमुळे परसातले अळू, लाल भोपळा, सुरण, शिराळी, पडवळ, भेंडी, माठ, मक्याच्या कणसाचे तुकडे असे सगळे एका टोपात पडते, आंबटपणाला अंबाडे किंवा चिंच असते आणि बहुतेक घरांत तेल जवळजवळ नसतेच. दोन वाट्या भाजी घेतली तरी कॅलरी थोड्या, पोट मात्र तासन्‌तास भरलेले राहते. मोदकांच्या दुसऱ्या दिवशी पोटाला नेमके जे हवे असते ते पंचांगानेच आखून ठेवले आहे. हल्ली ही भाजी नैवेद्यापुरती चमचाभर वाढून तिच्याबरोबर पुन्हा तळलेले पदार्थ केले जातात, ते टाळावे आणि त्या दिवशी हीच भाजी मुख्य जेवण म्हणून घ्यावी.

खरा उपद्रव सणाच्या पानाचा नसतो, डब्यांचा असतो. नेवऱ्या (करंज्या), लाडू, चिवडा यांचे डबे माजघरात उघडे असतात आणि येता-जाता हात जातो. ३० ग्रॅम चिवडा, म्हणजे एक मूठ, दीडशे कॅलरींच्या जवळ जातो आणि त्या मुठीने भूक मुळीच भागत नाही. सात दिवसांत मुठी मोजणार कोण? त्यामुळे एकच नियम करावा: जे खायचे ते बशीत घेऊन, बसून, चारचौघांबरोबर खायचे. उभ्याने डब्यातून काहीही तोंडात टाकायचे नाही. हा नियम पाळताना कोणाला काही सांगावे लागत नाही आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

सून म्हणून वाढण्याचे काम आपल्याकडे असणार आणि आपले जेवण दुसऱ्या किंवा तिसऱ्या पंगतीला, दुपारी अडीच-तीन वाजता होणार. तोपर्यंत नेवऱ्या तळताना तुटलेली एखादी, आमटीची चव, मोदकाचे उरलेले सारण असे पोटात जात राहते आणि पानावर बसताना भूक अनावर झालेली असते. अकराच्या सुमारास वाटीभर उसळ किंवा वाटीभर दही खाऊन घ्यावे. त्यासाठी पाच मिनिटे बाजूला बसायला कमीपणा वाटू देऊ नये.

आत्येसासूबाईंच्या आग्रहाविषयी. त्यांना आपल्या पानात काहीतरी वाढण्याचे समाधान हवे आहे, त्यामुळे "नको, नको" म्हणून पानावर हात आडवा धरला की आग्रह वाढतो. त्याऐवजी आपणच मागून घ्यावे: "आत्या, सांबारे फार चांगले झाले आहे, तेच अजून वाढा." आहार, वजन, डॉक्टर हे शब्द पंगतीत उच्चारूच नयेत, कारण ते उच्चारले की पंगतीतला प्रत्येक जण त्यावर मत देतो आणि आपले पान हा सगळ्यांच्या चर्चेचा विषय होतो. आरतीला वाडीतल्या घरांत पायी जावे, सकाळी परड्यात किंवा किनाऱ्यावर अर्धा-पाऊण तास चालून यावे; वजन उतरवून ते वर्षानुवर्षे टिकवलेल्या लोकांची जी नोंदवही अमेरिकेत १९९४ पासून ठेवली जात आहे, तिच्यातील बहुतेक लोक दिवसाला सुमारे तासभर शारीरिक हालचाल करतात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून दीक्षित पद्धतीप्रमाणे दिवसातून दोनच वेळा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवतो. त्याने वजन आटोक्यात आले. मात्र गणपतीत आमच्या वाडीचे भजनी मंडळ रात्री सात-आठ घरे घेते आणि प्रत्येक घरी चहा, उसळ-पाव, बटाटावडा, लाडू असे काही ना काही पुढे येते. मी पेटी वाजवतो, त्यामुळे टाळता येत नाही. – एक वाचक, गुहागर

उत्तर : आपली पद्धत वेळेवर उभी आहे, त्यामुळे वेळच बदलून घ्यावी. गणपतीच्या त्या दिवसांत रात्रीचे जेवण घरी घेऊच नये. भजनातील ज्या घरी उसळ-पाव असतो तेच आपले दुसरे जेवण समजावे, तेथे बसून नीट, दोन वाट्या उसळ आणि एखादा पाव असे जेवावे, आणि इतर घरी फक्त देवापुढचा प्रसाद चिमूटभर घ्यावा. आठ घरी साखरेचा अर्धा-अर्धा कप चहा घेतला तर केवळ साखरेच्या सोळा चमच्यांच्या सव्वातीनशे कॅलरी होतात, आणि जेवणाच्या वेळांमध्ये अंतर राखण्याचा आपला मूळ हेतूही त्या चहाने मोडतो. बिनसाखरेचा कोरा चहा किंवा गवती चहाचा काढा मागावा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाने गळ्यासाठी गरम पाणी मागितले तर कोकणातल्या कोणत्याही घरी त्याचे वाईट वाटत नाही. लाडू हातात दिला गेलाच तर तो रुमालात बांधून घरी न्यावा आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणात अर्धा खावा. भजन रात्री दोनपर्यंत चालते हेही लक्षात घ्यावे, कारण झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते. सकाळी उशिरा उठून पहिले जेवण तासभर पुढे ढकलले तरी बिघडत नाही.

प्रश्न : मला मधुमेह आहे आणि गोळ्या चालू आहेत. रात्री कुठे जेवायला जायचे असले की मी दिवसभर उपास करतो, म्हणजे हिशेब जुळतो. हे योग्य आहे का? – एक वाचक, राजापूर

उत्तर : नाही, आणि आपल्या गोळ्यांत ग्लिमेपिराइडसारखे औषध असेल किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे धोक्याचे आहे. ही औषधे पोट रिकामे असले तरी रक्तातील साखर खाली आणतातच. अंगाला कापरे, दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत आणि अशा वेळी लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी लागते. दिवसाची दोन्ही जेवणे हलकी ठेवावीत, पण चुकवू नयेत. औषधाच्या मात्रेत बदल हवा असल्यास सणाच्या आधीच आपल्या डॉक्टरांना विचारावे, स्वतःच्या मनाने गोळी सोडू नये किंवा वाढवू नये.

प्रश्न : आम्ही अलिबागजवळ राहतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाल्यापासून मुंबईचे नातेवाईक जवळजवळ दर शनिवार-रविवारी येतात. मग किनाऱ्यावर जाणे आणि खाणावळीत मासळीचे ताट हे ठरलेलेच. सोमवार ते शुक्रवार मी सगळे कसोशीने पाळते, तरी सहा महिन्यांत अडीच किलो वाढले. कोठे चुकते आहे? – एक वाचक, चौल

उत्तर : दर आठवड्याचे दोन दिवस म्हणजे वर्षाचे १०४ दिवस होतात. जे वर्षातून शंभरांहून अधिक वेळा घडते त्याला अपवाद म्हणता येत नाही आणि सणाच्या पानाला जी सवलत द्यावी ती त्याला देता येत नाही. चतुर्थीच्या पाहुणचारासाठी कणकवलीच्या भगिनींना मी मोकळीक दिली. आपल्याला देत नाही, याचे कारण एवढेच आहे.

सोमवार ते शुक्रवार कसोशीने पाळण्यातही एक चूक दडलेली असते. वजन टिकवण्याच्या काळात रोजचे जेवण वजन उतरवण्याच्या काळातल्यापेक्षा थोडे अधिक असायला हवे. आपण पाच दिवस अजूनही आधीच्याच तुटपुंज्या मापात जेवत असाल, तर शनिवारी मासळीचे ताट पुढे येताना पाच दिवसांची भूक बरोबर आलेली असते. मधल्या दिवसांत दुपारच्या जेवणात अर्धी भाकरी आणि एक वाटी उसळ किंवा एखादे अंडे वाढवावे, दोन आठवडे वजन पाहावे आणि मग पुढचे ठरवावे. हे सुचवले की अनेकांना भीती वाटते, पण पाच दिवस आवळून दोन दिवस सोडण्यापेक्षा सातही दिवस सारखे ठेवणे शरीराला आणि मनाला दोन्हींना सोपे जाते.

मासळीचे ताट हे खरे तर वजन टिकवणाऱ्याच्या फायद्याचे जेवण आहे. १०० ग्रॅम मासळीतून १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळतात आणि प्रथिनांनी पोट भरल्याची जाणीव बराच वेळ टिकते. अडचण मासळीच्या सभोवती असते. रव्यात घोळवून तेलात सोडलेली तुकडी बरेच तेल शोषते. तीच तुकडी नुसता मसाला लावून तव्यावर थोड्या तेलात भाजून देण्यास सांगितले तर किनाऱ्यावरील बहुतेक खाणावळी तशी देतात. ताटात भात, भाकरी आणि पोळी असे तिन्ही येते, त्यांपैकी एकच घ्यावे. मी स्वतः भाकरी निवडण्यास सांगते, कारण भातावर कालवण ओतत राहिले की भात पुन्हा पुन्हा मागितला जातो. कालवण वाटीभर खोबऱ्याचे असते. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशे ते साडेचारशे कॅलरी असतात, त्यामुळे दुसरी वाटी घ्यायची असेल तर ती तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) सुक्याची किंवा कोळंबीची घ्यावी. जेवणापूर्वी गप्पांमध्ये येणाऱ्या तळलेल्या बोंबलांच्या आणि कोळंबीच्या बशा, त्यांबरोबरची थंड पेये आणि घरी परतताना घेतलेली कुल्फी यांचा हिशेब मात्र ताटाहून मोठा होतो, हे दोन शनिवार लिहून ठेवल्यास आपल्याला दिसेल.

लहान वाढ दुर्लक्षिली की ती मुक्कामाला राहते. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९५ प्रौढांचे वजन सणासुदीच्या सुट्टीच्या आधी आणि नंतर घेतले होते. सुट्टीत सरासरी वाढ केवळ ३७० ग्रॅम निघाली, पण पुढच्या महिन्यांतही ती उतरली नाही. आपले अडीच किलो असेच, दर खेपेला थोडे थोडे करून जमलेले आहेत. आणि पाहुण्यांनाही दर खेपेला खाणावळच हवी असते असे नाही. महिन्यातून दोन खेपांना घरीच बांगड्याचे तिखले आणि भाकरी करून पाहा, मुंबईकर खूश होतात असा अनुभव आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि ताजी मासळी महाग होते, तेव्हा प्रथिनांची जागा कुळथाच्या पिठीने आणि कडधान्यांनी भरून काढावी. सुकी मासळी चालेल, पण तिच्यात मीठ फार असते. रक्तदाब असलेल्यांनी ती धुऊन, बेताने घ्यावी.

प्रश्न : कोकमाने चरबी जळते असे सांगून आमच्याकडे गोळ्या विकल्या जातात. पाहुणचाराच्या दिवसांत त्या घ्याव्यात का? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : घेऊ नयेत. कोकमात आणि त्याच्या जातकुळीतील मलबारी चिंचेत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते, त्यावरून हा प्रचार झाला. मलबारी चिंचेच्या अर्काची १३५ जणांवर बारा आठवडे चाचणी होऊन तिचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले, त्यांत अर्क घेणाऱ्यांचे वजन नुसत्या पिठाच्या गोळ्या घेणाऱ्यांहून जास्त उतरले नव्हते. कोकमाचे सार जेवणात जरूर घ्यावे, ते रुचकर आणि हलके असते. सोलकढीत नारळाचे दूध असते, म्हणून ती एक वाटी पुरे. बाटलीतले कोकम सरबत मात्र बरेचसे साखरेचा पाकच असते, आणि पाहुणे आल्यावर त्यांच्याबरोबर यजमानाचेही दोन-तीन पेले होतात.

प्रश्न : माझा प्रश्न उलट बाजूचा आहे. माझी सून पुण्याला असते. तिने पुष्कळ वजन कमी केले आणि ती आता दोन वर्षे ते टिकवून आहे. सणाला घरी आली की ती मोजके खाते. मी चार दिवस राबून केलेले तसेच राहते आणि मला वाईट वाटते. तिला बोलायचे नाही, पण तिच्यासाठी काय करावे हेही कळत नाही. – एक सासूबाई, रत्नागिरी

उत्तर : आपण हे पत्र लिहिले याचा मला फार आनंद झाला, कारण या विषयावर पाहुण्यांचीच पत्रे येतात, वाढणाऱ्यांची येत नाहीत, आणि खरे पाहता वजन टिकवणाऱ्याचे निम्मे काम वाढणाऱ्याच्या हातात असते.

पहिली गोष्ट म्हणजे तिच्यासाठी वेगळे, पथ्याचे असे काही शिजवू नये. घरात सगळ्यांसाठी एक आणि सुनेसाठी उकडलेली भाजी असे झाले की तीही अवघडते आणि बाकीची मंडळीही. आपल्या नेहमीच्या कोकणी स्वयंपाकातच तिच्या सोयीचे पुष्कळ आहे: कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची उसळ, टाकळ्याची भाजी, अळूचे फदफदे, गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर होते ती शेगलाच्या (शेवग्याच्या) पाल्याची भाजी, उकड्या तांदळाची पेज. सणाच्या गडबडीत नेमके हेच पदार्थ मागे पडतात, कारण ते रोजचे वाटतात. पुण्याहून आलेल्या मुलीला ते रोज मिळत नाहीत. न्याहारीला घावन करणार असाल तर त्याबरोबर गोड रसाऐवजी वाटीभर उसळ ठेवा. ती दोन घावनांवर तृप्त होईल आणि दुपारपर्यंत तिला काही लागणार नाही.

दुसरे म्हणजे वाढण्याची पद्धत थोडी बदलावी. तळलेले आणि गोड पदार्थ प्रत्येकाच्या पानात आधीच न वाढता मधोमध ठेवावेत आणि ज्याला हवे त्याने घ्यावेत असे एकदा सर्वांसाठीच ठरवून टाकावे. मोदकाचा आकार थोडा लहान केला तर तीच पिठी आणि तेच सारण अधिक जणांना पुरते, आणि ज्याला एकच खायचा आहे त्याला एक खाल्ल्याचे समाधान मिळते. कळ्या नीट पडत असतील तर लहान मोदक दिसतोही सुबक.

सर्वांच्या देखत तिच्या अंगकाठीविषयी कोणी बोलू लागले तर घरची मोठी म्हणून आपणच विषय बदलावा. "किती बारीक झाली" आणि "पुन्हा जरा भरलीस हो" ही दोन्ही वाक्ये वजन टिकवणाऱ्या माणसाला सारखीच टोचतात. ती भुकेली राहते आहे का, अशी आपल्याला काळजी वाटत असेल तर ती रास्त आहे, पण ते तिला एकटीला, मागीलदारी भाजी निवडताना विचारावे. दोन वर्षे तिने जे सांभाळले आहे ते सोपे नाही. वजन उतरवलेल्यांपैकी बहुतेकांचे वजन काही वर्षांत पुन्हा वाढते, हे आम्ही रोज पाहतो. आपण केलेला पदार्थ तिने थोडा खाल्ला तर त्याचा अर्थ तिला तो आवडला नाही असा घेऊ नये. तिला आपल्या हातचे काय आवडते ते विचारा आणि ते करायला शिकवा, म्हणजे पुण्याच्या तिच्या स्वयंपाकघरातही आपला हात पोहोचेल.

शेवटी पाठवणीच्या पिशवीविषयी, कारण सण संपल्यावर पंधरा दिवस घरात जे खाल्ले जाते ते बहुधा त्या पिशवीतून येते. लाडू आणि नेवऱ्यांचे मोठे डबे भरून देण्याऐवजी प्रत्येकी चार-पाच नग द्यावेत, आणि उरलेल्या जागेत कुळथाचे पीठ, काळे वाटाणे, उकडे तांदूळ, कोकमाचे आगळ, भाजलेला मालवणी मसाला असे सामान भरावे. काजूगर द्यायचे असतील तर ते काजूच्या उसळीसाठी आहेत असे सांगून द्या, नाहीतर ते येता-जाता तोंडात टाकले जातात. ती निघण्याच्या आदल्या दिवशीच तिला विचारून पिशवी भरलीत, तर स्टेशनवर घ्या-नकोची ओढाताण होणार नाही.